सुलभक मागच्या बाकावर

गणिताचं प्रशिक्षण आपल्याकडे वरून खाली येतं. राज्य, जिल्हा, तालुका. प्रत्येक पायरीवर सुलभक, आणि हातात तीच पीपीटी. खाली वर्गापर्यंत काय पोचतं?

इथला तळीयेचा डोंगर बघा. २२ जुलै २०२१ ला दरड कोसळली, ८०हून अधिक माणसं गेली. दहावीच्या पुस्तकात उन्नतकोन आहे. कोनमापकाला ओळंबा बांधून एखाद्या मास्तरांनी मुलांकडून उतार मोजून घेतला (कोन मोजून दरड थांबत नाही, कबूल), तर तो तास बघणार कोण? जपानात शिक्षक एकमेकांच्या तासाला बसतात, नंतर त्या तासावर बोलतात. आपल्याकडे मागच्या बाकावर साहेब येतात, तेही तपासायला. सुलभकाला भाषण येतंच हो. त्याला आधी तिथं गप्प बसवा, वही घेऊन.