एकट्याची टाइमप्लीज

ऑनलाइन गेममधली बहुतेक लबाडी मला कंटाळवाणी वाटते. एमबॉट नेम धरून देतो, वॉलहॅक भिंतीपलीकडचं दाखवतो. दोन्हींत एका माणसाला जादा ताकद मिळते, बस्स. लॅग स्विचचं तसं नाही. तो वापरणाऱ्याचा नेम होता तितकाच वाईट राहतो. बिघडतो तो बाकीच्यांचा वेळ.

२००४च्या नोव्हेंबरात ‘हेलो २’ एक्सबॉक्सवर आला, तेव्हा या लबाडीसाठी वेगळा स्विचही लागत नव्हता. एक्सबॉक्स लाइव्ह खेळाडू जमवून द्यायचं, पण सामना कंपनीच्या सर्व्हरवर चालत नसे. खेळणाऱ्यांपैकीच एकाचा कन्सोल ‘होस्ट’ व्हायचा. गोळी लागली की नाही, कोण मेलं, हे तो ठरवायचा आणि इतरांना कळवायचा. म्हणजे पंच आणि बॅट्समन एकच. अमेरिकेत तेव्हा काही केबल मोडेमवर ‘स्टँडबाय’ नावाचं बटण असे. होस्टनं ते दाबलं की संपर्क तुटे. इतरांचा सामना थिजायचा. होस्टचा मात्र चालूच, आणि समोर नुसते पुतळे उभे. त्यांना गोळ्या घालायच्या आणि कन्सोल संपर्क कायमचा तोडण्याआधी बटण पुन्हा दाबायचं. इतरांना जाग यायची ती मेल्यावरच. पुढे लोक नेटच्या केबललाच बटण जोडू लागले, तोच लॅग स्विच.

पकडापकडीत आपण टाइमप्लीज घ्यायचो ती ओरडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. कारण ती सगळ्यांची थांबायची वेळ असते. इथे एकानं मनातल्या मनात टाइमप्लीज घेतली आणि स्वतः पळत राहिला. खेळातला वेळ सामाईक असतो, हा करारच मोडला. म्हणून एमबॉटवाल्याचा राग येतो, पण लॅग स्विचवाल्यापुढे वेड्यासारखं वाटतं. आपण हरलो तो क्षण आपल्या वाट्याला आलेलाच नसतो.

पण गंमत अशी, की प्रामाणिक सामन्यातही सामाईक वेळ हा देखावाच असतो. तुमच्या पडद्यावरचा शत्रू थोडा जुना असतो. त्याची खबर तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर तो पुढे सरकलेला असतो. व्हॉल्व कंपनीच्या यान बर्नियर यांनी २००१मध्ये यावरचा उपाय लिहून मांडला: गोळी झाडल्याची खबर आली की सर्व्हरनं घड्याळ मागे फिरवायचं आणि झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं, त्यावरून निकाल द्यायचा. भिंतीआड पोचल्यावरही आपण मरतो, त्याचं एक कारण हे. ही सवलत संथ नेटवाल्यासाठी आहे. सर्व्हर असलेल्या गेममध्ये लॅग स्विचवाला तीच लुबाडतो, रांगेत खोटं आजारपण सांगून पुढे घुसणाऱ्यासारखा.

आणि त्याची किंमत खऱ्या आजाऱ्यानं मोजायची. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सिंगापूरच्या सर्व्हरवर जाऊन परत यायला, वाटेत कुठेही न अडखळता, चाळीस मिलिसेकंद लागणारच. त्यावर घरातल्या वायफायवर सगळ्यांचे व्हिडिओ चालू. समोरच्याला दिसतं ते एवढंच, की हा खेळाडू मधेच थबकतो आणि भलतीकडेच उगवतो. तो शिवी हासडतो: चीटर! पडद्यावरून लबाड आणि गरीब वेगळे ओळखू येत नाहीत. या लबाडीतली मला सर्वांत वाईट वाटणारी बाजू हीच. फुकटात मारलेल्या गोळ्या नव्हेत.

कन्सोलवर हळूहळू कंपन्यांनी स्वतःचे सर्व्हर लावले. २०१४चा ‘टायटनफॉल’ तर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच चालला. होस्टची राजेशाही तिथे संपली, हे चांगलंच झालं. पण सर्व्हरलाही ठरवावं लागतं, की उशिरा आलेल्या खबरीसाठी घड्याळ किती मागे न्यायचं. मर्यादा कमी ठेवली तर लबाडाचा हात आखडतो, आणि लांबच्या गावातल्या पोराच्या बरोबर नेम धरलेल्या गोळ्याही वाया जातात. हा आकडा गेमच्या खोक्यावर छापलेला नसतो. मी नवा शूटर गेम पाहताना ग्राफिक्सच्या आधी तोच शोधतो.