वाढोण्याचे पाहुणे

आमच्या हिमायतनगरचं जुनं नाव वाढोणा. त्यामुळे 'वाढणे' या क्रियापदाबद्दल आम्ही मंडळी जरा हळवी. नांदेडच्या एका साखळी उपाहारगृहात चार वर्षांच्या नातीला दुपारी जेवायला नेलं, तर तिथं वाढणारंच कुणी नाही! नंबर पुकारला की ट्रे आपणच आणायचा. मुलांचं जेवण निराळं: एवढासा बर्गर आणि सोबत खेळणं. मॅकडोनल्ड्सने अमेरिकेत १९७९ साली रूढ केलेली ही युक्ती. ती कंपनी भारतात आली १९९६ मध्ये. आता ही युक्ती कुणीही उचलतं.

चवीबद्दल तक्रार नाही. पाव मऊ, बटाट्याच्या काड्या कुरकुरीत, टेबल आमच्या घरच्याहून स्वच्छ. पण आमच्याकडच्या खानावळीत लेकराला निराळं ताट नसतं. ते बापाच्या ताटात जेवतं, वाढपी न विचारता त्याच्या वरणावर तूप सोडतो, आणि बिलात ते लेकरू कुठंच दिसत नाही. इथं तीन फुटांचं गिऱ्हाईक पावतीवर करासकट छापलेलं!

गिऱ्हाईक मात्र खूष होतं. तिनं खेळणं कुशीत घेतलं, टिक्की खाल्ली, आणि उरलेला पाव माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "आबा, घ्या की अजून."