कायद्यात जे लिहिलं नाही

आजचं कोलकाता उच्च न्यायालय 1862 साली स्थापन झालं ते फोर्ट विल्यमच्या नावानं. याच न्यायालयाचा 15 जानेवारी 2002 चा ‘डिमिनाको विरुद्ध पेटंट नियंत्रक’ हा निकाल पेटंटच्या अभ्यासकांना चांगला परिचयाचा आहे. मला तो वाचनकलेचा धडा म्हणून फार मोलाचा वाटतो.

डिमिनाको या स्विस कंपनीनं कोंबड्यांच्या संसर्गजन्य बर्सायटिसवरची लस तयार करण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मागितलं होतं. आपले पोल्ट्रीवाले या रोगाला गंबोरो म्हणतात. पिलांची प्रतिकारशक्ती जिथं घडते त्या अवयवावरच तो घाला घालतो. या लसीतला विषाणू जिवंत होता. शेवटी जिवंत वस्तू हाती येत असेल तर त्या प्रक्रियेला ‘उत्पादन’ म्हणता येणार नाही, सबब हा कायद्याच्या व्याख्येतला शोध नाही, असं म्हणून पेटंट नियंत्रकानं अर्ज फेटाळला.

न्यायालयानं 1970 चा कायदा पुन्हा उघडून पाहिला. ‘उत्पादना’ची व्याख्या त्यात नव्हती आणि हाती येणारी वस्तू निर्जीवच हवी, अशी अटही नव्हती. मग त्या शब्दाचा व्यवहारातला अर्थच धरायचा. त्याला जोड मिळाली विक्रेय वस्तूच्या कसोटीची: प्रक्रियेतून विकता येईल अशी वस्तू तयार होते का, तिच्यात सुधारणा होते का, किंवा ती खराब होण्यापासून वाचते का? लस या कसोटीला उतरली. एवढं झाल्यावरही न्यायालयानं पेटंट स्वतः बहाल केलं नाही, अर्ज फेरविचारासाठी परत पाठवला. या संयमामुळे निकालाचं वजन वाढतं.

हीच शिस्त पेटंटमधला दावा वाचतानाही लागते. फ्युएल सेलमधली धातूची प्लेट घ्या. तिनं वीज वाहून न्यायची, वायूंच्या वाटा वेगळ्या राखायच्या आणि आम्लधर्मी ओलाव्यात टिकायचं. गंज लागू नये म्हणून तिच्यावर रेझिनचा लेप देता येतो. पण रेझिन वीज अडवतं, म्हणून त्यात कार्बनचे कण मिसळतात. समजा, दाव्यात फक्त ‘कार्बनयुक्त रेझिनचा थर’ आहे आणि एका विशिष्ट जाडीचा उल्लेख वर्णनातल्या उदाहरणापुरता आला आहे. दाव्याचा अर्थ लावताना वर्णनाचा आधार जरूर घ्यावा, पण उदाहरणातली ती जाडी उचलून दाव्यावर अट म्हणून लादू नये. उलट, दाव्यात ‘कार्बनयुक्त’ लिहिलं असेल तर निव्वळ रेझिनच्या लेपावर हक्क सांगता येत नाही. लिहिलेल्या प्रत्येक शब्दाला पुरती किंमत द्यायची आणि न लिहिलेला शब्द पदरचा घालायचा नाही.

पुढे 2002 च्याच दुरुस्तीनं संसदेनं वनस्पती आणि प्राणी पेटंटबाहेर ठेवले, सूक्ष्मजीवांचा मात्र अपवाद केला. मर्यादा घालायची असेल तर कायदा करणाऱ्यांना ती स्पष्ट लिहिता येते. वाचणाऱ्यानं ती त्यांच्या वतीनं लिहू नये, हे या निकालानं आधीच ओळखलं होतं.