परंपरा कुणाची?

नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी मनुस्मृतीची चिकित्सा करताना सनातन्यांची नुसती थट्टा केली नाही. त्यांचाच ग्रंथ उघडून वाचला. अमेरिकेतील परंपरावाद्यांचा युक्तिवादही असाच वाचावा. २०२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा, १९७३ पासूनचा, घटनात्मक हक्क काढून घेतला. कारण? तो राष्ट्राच्या परंपरेत रुजलेला नाही! पण ज्या १८६८ च्या घटनादुरुस्तीवर हा वाद चालला, ती मंजूर करणाऱ्या सभागृहांत एकही स्त्री नव्हती. असे प्रश्न लोकप्रतिनिधींनी सोडवावेत, हे त्यांचे म्हणणे मात्र वजनदार आहे. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलाइतका वाटा १९५६ साली संसदेनेच दिला ना? आता आमच्या लातूरकडे कित्येक बहिणी हक्कसोडपत्रावर मुकाट सही करतात, ती गोष्ट वेगळी!