लूकची बचावकथा आणि आमच्या साक्षी

संकटातून अकल्पितपणे सुटका झाल्याच्या साक्षी आमच्या मंडळ्यांतून नित्य ऐकू येतात. त्यांतील कृतज्ञतेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्यांची मांडणी बहुधा एकाच साच्याची असते: संकट, प्रार्थना, सुटका. ज्यांच्या हातून साह्य झाले ती माणसे कथेतून गळतात आणि जे वाचले नाहीत त्यांच्याविषयी मौन राहते. प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय हा नव्या करारातील सर्वांत सविस्तर बचाववृत्तान्त होय. तो ह्या साच्याशी ताडून पाहणे उपयुक्त ठरेल.

ह्या अध्यायाविषयी पंडितांत दोन प्रवाह दिसतात. स्कॉटलंडचे जेम्स स्मिथ यांनी १८४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे वर्णन नौकानयनाच्या कसोटीवर तपासले व ते प्रत्यक्षदर्शीचे ठरविले. उलट, जर्मन पंडित मार्टिन डिबेलियस यांच्या मते एका तयार सागरप्रवासवर्णनात पौलाचे प्रसंग मागाहून गुंफले गेले. हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. जोड असली तरी ती करणाऱ्याने कशाशी काय जोडले, हाच आमच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

वादळात अनेक दिवस सूर्य व तारे दिसले नाहीत आणि सर्व आशा मावळली. तेव्हा देवदूताने पौलाला सांगितले की, त्याच्याबरोबर प्रवास करणारे सर्वजण देवाने त्याला दिले आहेत. आमच्या साच्यातील साक्ष येथेच संपली असती. लूक मात्र पुढे चालतो. चौदाव्या रात्री खलाशी पाण्यात बुडीद टाकून खोली मोजतात: प्रथम २० वाव, मग १५. ते चार नांगर टाकतात आणि नांगर टाकण्याच्याच मिषाने होडी सोडून पळू पाहतात. त्या वेळी पौल शताधिपतीला बजावतो की, हे लोक तारवावर राहिले नाहीत तर कोणाचाही बचाव होणार नाही. अभिवचन मिळाले आहे, तरीही खलाशांची गरज संपलेली नाही. २४ व्या व ३१ व्या वचनांतील हा ताण लूकने पुसून टाकलेला नाही. आमच्या मते ह्या अध्यायाचे मर्म त्यातच आहे. पुढे पौल सर्वांना अन्न घेण्यास सांगतो. शिपाई कैद्यांना मारू पाहतात, तेव्हा शताधिपती युल्य त्यांना अडवितो. शेवटी कोणी पोहत, कोणी फळ्यांवरून, असे २७६ जण तीरास लागतात. तारू व माल मात्र गेला, हेही लूक स्पष्ट सांगतो.

मिलिता बेटावर, म्हणजे आजच्या माल्टावर, परकी भाषा बोलणारे लोक पावसात व थंडीत कुडकुडणाऱ्यांसाठी शेकोटी पेटवितात. हे साह्य करणारे विश्वासणारे नव्हते. पौलाच्या हाताला साप डसतो तेव्हा ते त्याला खुनी ठरवितात; तो मरत नाही असे पाहून तेच त्याला देव म्हणतात. दोन्ही अनुमाने चुकीची आहेत. ज्याच्यावर संकट आले तो पापी आणि जो वाचला तो विशेष पुण्यवान, हा निष्कर्ष आमच्या व्यासपीठांवरूनही नकळत काढला जातो. लूकने तो येथे दोन्ही बाजूंनी खोडून काढला आहे.

१२ व्या अध्यायात तर हे अधिकच कठोरपणे दिसते. हेरोदाने याकोबाला तरवारीने मारले. पेत्राला देवदूताने बंदिशाळेतून बाहेर काढले. दोघेही प्रेषित. ह्या भेदाचे कारण लूक देत नाही, आणि याकोबाचे नावही गाळत नाही. पेत्राच्या सुटकेवर प्रवचन करताना आम्ही दुसरे वचन सहसा वगळतो. लूकने ते त्या कथेच्या दाराशीच ठेवले आहे.

हाच प्रामाणिकपणा आमच्या भाषिक परंपरेतही सापडतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील व वडील बहीण १८७० च्या दशकातील दुष्काळात दगावली. रमाबाई व त्यांचे बंधू वाचले. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या साक्षीत त्यांनी ती उपासमार लपविली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि त्यांनी निराधार मुलींना आश्रय दिला. त्या मुलींच्या दृष्टीने साह्य अकल्पित होते; पण ते एका भुकेची आठवण ठेवणाऱ्या बाईच्या पावलांनी चालत आले.

म्हणून पाळक व धर्मशिक्षक यांना आमची सूचना अशी की, मंडळीत साक्ष ऐकताना दोन प्रश्न विचारावेत. देवाचे साह्य कोणाच्या हातून आले? आणि त्याच पुरात, त्याच आजारात ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांच्यासमोर ही साक्ष आपण ह्याच शब्दांत देऊ शकू काय? दुसऱ्या प्रश्नाला होय म्हणता येईना, तर साक्ष सोडू नये. तिचे शब्द बदलावेत आणि सभा आटोपल्यावर त्या घरी जाऊन यावे.