स्वरांच्या चौकोनात ‘उ’ची जागा

भाषाविज्ञानाच्या बहुतेक प्राथमिक पुस्तकांत एक तिरपा चौकोन छापलेला असतो. डावी बाजू म्हणजे जिभेचा पुढचा भाग उचललेला, उजवी म्हणजे मागचा. वरच्या कडेला जीभ टाळूजवळ, खालच्या कडेला ती दूर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील डॅनिएल जोन्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आठ प्रमाण स्वर ठरवले, त्यांवर हा आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा चौकोन बेतलेला आहे. एका भाषेतील स्वर दुसऱ्या भाषिकाला समजावून देण्याचे इतके सुटसुटीत साधन दुसरे नाही. पण तो फळ्यावर काढण्यापूर्वी ‘उ’ या एका स्वरापुरती तरी त्याची परीक्षा घ्यायला हवी.

‘उ’ उच्चारताना दोन गोष्टी घडतात: जिभेचा मागचा भाग मऊ टाळूकडे उचलला जातो आणि ओठ गोल होतात. आपल्या व्याकरणात ‘उ’ला ओष्ठ्य म्हणतात, तेथे ओठ आहेत, जीभ नाही. चौकोनात उलटे आहे. जागा जिभेवरून ठरते आणि ओठांची दखल एवढीच, की एकाच ठिपक्याच्या डावीकडे ओठ सपाट असलेला स्वर लिहायचा व उजवीकडे गोल ओठांचा. म्हणजे ओठ ही तळटीप झाली.

कान मात्र असा भेद करत नाही. घशापासून ओठांपर्यंतची पोकळी ही एका टोकाला बंद असलेली नळी समजू. तिची लांबी १७ सेंटिमीटर धरली, तर तिची पहिली तीन अनुस्पंदने सुमारे ५००, १५०० आणि २५०० हर्ट्‌झला येतात. जीभ आणि ओठ ही अनुस्पंदने सरकवतात. पीटरसन आणि बार्नी यांनी १९५२ मध्ये अमेरिकन पुरुषांच्या उच्चारांचे मापन प्रसिद्ध केले. त्यात दुसरे अनुस्पंदन ‘ई’साठी सरासरी २२९० हर्ट्‌झ होते, तर ‘ऊ’साठी ८७०. जीभ मागे गेली की तिच्यापुढची पोकळी मोठी होते. ओठ गोल झाले की तोंड अरुंद होते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकताना ते बोटाने थोडे झाका. सूर खाली उतरतो. ‘उ’मध्ये जीभ आणि ओठ एकाच दिशेने काम करतात, म्हणूनच तो ‘इ’पासून इतका दूर ऐकू येतो.

जगातील भाषांची पाहणी हेच सांगते. इयन मॅडिसन यांनी ‘जागतिक भाषारचना ॲटलास’साठी ५६२ भाषा तपासल्या. त्यांपैकी केवळ ३७ भाषांत जीभ पुढे आणि ओठ गोल असे स्वर आढळले. जर्मन व फ्रेंच त्यांत येतात. तेथे जीभ अनुस्पंदन वर नेते आणि ओठ ते खाली ओढतात. मागचे गोल स्वर मात्र जगभर आहेत. नाव्हाहो भाषेत ‘ओ’ आणि ‘उ’ असे दोन वेगळे स्वर नाहीत. पण जो एक आहे तो मागचा आणि गोलच आहे.

चौकोनाची खरी अडचण जपानी भाषेत उघडी पडते. तेथील ‘उ’साठी ओठ पुढे काढत नाहीत, ते किंचित आवळले जातात. स्वीडिशमध्ये तर ओठ पुढे काढणे आणि आवळणे यांवरून दोन स्वर वेगळे होतात. ठिपक्याच्या दोन बाजूंत अशा तीन स्थिती मावत नाहीत. जीभ ठरावीक जागी बसते हा समजही क्ष-किरण चित्रांनी डळमळीत केला. म्हणूनच हा चौकोन जिभेचा नकाशा न मानता कानाला जाणवणाऱ्या अंतरांचा नकाशा मानावा, असा आग्रह पीटर लॅडेफोगेड यांनी धरला. तो योग्य वाटतो.

शिक्षकांच्या दृष्टीने हा वाद किरकोळ नाही. जपानी शिकणाऱ्या मराठी मुलाला ‘जीभ मागे घे’ एवढेच सांगितले तर त्याचा उच्चार सुधारणार नाही, कारण त्याची जीभ बहुधा जागेवरच असते. चूक ओठांत असते. चौकोन काढा, पण आधी प्रत्येक मुलाला लांब ‘ई’ म्हणायला लावा आणि जीभ न हलवता ओठ गोल करायला सांगा. जर्मन स्वर उमटेल. मग ‘ऊ’ म्हणत ओठ सैल करा. तुर्की स्वराच्या जवळचा ध्वनी निघेल. चौकोनात जे तळटिपेत गेले आहे, ते मुलांना स्वतःच्या तोंडात सापडेल.