वेशाचा खर्च आणि वेशाची किंमत

रंगवेशाच्या कलेची आजची अवस्था पारखावयाची झाल्यास ती मोठ्या नाट्यगृहांत न पारखता कसबा बावड्यासारख्या वस्तीत पारखावी, असे माझे मत आहे. ज्या करवीरात शाहू छत्रपतींनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभारले आणि बाबूराव पेंटरांनी स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्यावर १९२० चा ‘सैरंध्री’ मूकपट काढला, त्याच करवीराच्या कडेला, पंचगंगेकाठी, गणेशोत्सवाचे सजीव देखावे आणि शाळांची स्नेहसंमेलने आजही वर्गणीच्या तुटपुंज्या रकमेतून उभी राहतात, व वेशाचा सारा सरंजाम त्याच रकमेत बसवावा लागतो.

उंची शालू आणि अस्सल अलंकार यांचा गंधर्व नाटक मंडळीने धरलेला आग्रह मंडळीस कर्जात लोटण्यास कसा हातभार लावून गेला, हे सर्वश्रुत आहे. उलट पोतराजाच्या कमरेस खणांच्या व लुगड्यांच्या चिंध्याच असतात. परंतु तो गिरकी घेताच त्या पसरून रंगांचे चक्र उभे राहते, आणि जे वस्त्र खुंटीवर केवळ लक्तर दिसले असते ते अंगाच्या गतीने वेश ठरते.

हा धडा विसरल्यामुळे सध्या दोन दोष फोफावले आहेत. पहिला ड्रेपरीचा: भाड्याने आणलेला तोच मखमली अंगरखा आज मावळ्याच्या अंगावर, उद्या विश्वामित्राच्या शिष्याच्या अंगावर चढतो, आणि भूमिकेची खातरजमा करण्याची तसदी कोणी घेत नाही. दुसरा ‘टाकाऊतून टिकाऊ’ या ब्रीदाचा: वर्तमानपत्रांचा घागरा आणि निकामी सीडींचे चिलखत परीक्षकांपुढे मिरविले जाते खरे, परंतु त्या वेशात मुलाला धड बसताही येत नाही, तेथे वस्तूचे टाकाऊपणच गुण मानून बक्षीस दिले जाते.

खरी कारागिरी या दोहोंच्या मध्ये आहे. पुठ्ठ्याच्या मुकुटावर आधी सुतळीची वेलबुट्टी डिंकाने चिकटवून, ती वाळल्यावर वर सोनेरी कागद बोटाने दाबीत बसविला, म्हणजे उठाव येतो आणि बाजूच्या दिव्यात नक्षी ठसठशीत दिसते. जुन्या साडीचा जरीकाठ अंगरख्याच्या घेरास लावला, तर दहाव्या रांगेतून तो नव्या किनखापाहून वेगळा ओळखू येत नाही. २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात बंदी आल्यानंतर तर कागदाचा लगदा आणि गोणपाट यांच्याकडे वळणे ही केवळ काटकसरीची बाब राहिलेली नाही.

म्हणून मंडळांनी खर्चाच्या तपशिलात ड्रेपरीच्या भाड्याबरोबर शिवणाऱ्या-चिकटविणाऱ्या हातांच्या मोबदल्याचीही तजवीज करावी, आणि परीक्षकांनी वेश कशाचा केला हे विचारण्याआधी तो घालून नटाला नाचता, वाकता व लढता येते काय, हे पाहावे. या कसोटीस उतरलेला गोणपाटाचा वेशही निःसंशय कलाकृती होय. न उतरलेला, मग तो मखमलीचा असो वा रद्दीचा, भुर्दंडच समजावा.